घर विकणे आहे, यजमानांसह

१४ सप्टेंबर
ठरलं. कोजागरीच्या आत घर विकायचं आणि पुण्याला मैथिलीकडे जायचं. अनसूयेच्या गुडघ्यांना तुळजापूरचे चढउतार आता झेपत नाहीत. लेकीच्या इमारतीत लिफ्ट आहे. मी भावनाप्रधान माणूस नाही. घर म्हणजे विटा, सिमेंट आणि लाइटबिल.

१५ सप्टेंबर, सकाळ
एजंट रुद्रेश आला होता. म्हणे, काका, रंग द्या, पसारा काढा आणि गिऱ्हाईक आलं की कमी बोला. मला शिकवतो. पुजारी माणसाचं सगळं आयुष्य यजमानांशी बोलण्यात गेलंय.

संध्याकाळ
पसारा काढला. दर्शनाला येणाऱ्या यजमानांसाठीच्या सतरंज्या आणि मोठी पातेली माळ्यावरून उतरवली. झटकली, घासली, परत माळ्यावर ठेवली. रिकामा माळा बरा दिसत नाही.

१९ सप्टेंबर
हॉल स्वतः रंगवला. पेंटरला कशाला पोसायचं? खुंट्यांची भिंत तेवढी सोडली. यजमानांच्या प्रत्येक घराण्याची देवीच्या जोगव्याची परडी अडकवायची खुंटी ठरलेली आहे. अनसूया म्हणाली, घेणाऱ्याला त्या खुंट्यांचं काय? म्हटलं, याला कॅरेक्टर म्हणतात.
कंबर धरली आहे. रंगाची क्वालिटी खराब.

२१ सप्टेंबर
धाराशिवहून नवराबायको आले. घर आवडलं. मी एवढंच सांगितलं की आश्विनी पौर्णिमेला कलबुर्गीकडचे यजमान चालत येतात, हॉलमध्ये झोपतात, आजोबांपासूनची रीत आहे, तेवढी पुढं सांभाळा. अर्धा चहा टाकून गेले. साखर चालत नसावी.

२८ सप्टेंबर
सोलापूरचे एक गृहस्थ. पाझरणारी टाकी, मागची ओल, सगळं मोकळेपणानं दाखवलं. प्रामाणिकपणा हीच खरी जाहिरात. आता ते फोन उचलत नाहीत. रुद्रेशही उचलत नाही. मार्केट डाऊन आहे.
अनसूयेनं विचारलं, तुम्हाला घर विकायचंय का गिऱ्हाईक पिटाळायचंय? आणि ती भिंत धरून आत गेली.

४ ऑक्टोबर
परंड्याचे कृष्णराज गुरुजी आले. ओल चालेल म्हणाले. खुंट्या राहू देतो म्हणाले. यजमान? येऊ देत, तेवढंच पुण्य. भावसुद्धा पाडून मागितला नाही.
असा माणूस संशयास्पद. विचार करून सांगतो म्हटलं. अनसूयेनं कपबशा आपटतच उचलल्या. शेवटी मीच समजावलं, यजमानांच्या कानावर न घालता घर कसं विकायचं? कलबुर्गीची सिद्धम्मा रडेल. आमच्या दारात ती परकर घालून पहिल्यांदा आली, आता नातसुना घेऊन येते.

७ ऑक्टोबर
काल कोजागरी झाली. यजमान मुक्कामाला होते. आज निघताना सिद्धम्माला बाजूला बसवून, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून, हळूच बातमी सांगितली. तिनं आधी अनसूयेच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"बरं झालं की महाराज. दोन वर्षं झाली, पोरं लॉजमधी उतरू म्हणत्यात, तिथं गरम पाणी असतंय. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून म्याच इथं आणायले सगळ्यांना."

पाणी मीच प्यायलो.

आपापल्या परड्या घेऊन सगळे गेले. खुंट्या रिकाम्या. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. अनसूयेनं गुरुजींचा नंबर लावून मोबाइल हातात दिला. रेंज नाही म्हणणार होतो, पण रेंज फुल्ल होती. गुरुजींनी पहिल्याच रिंगला उचलला.