न धुतलेला स्वेटर

बाबा,

तुम्ही गेलात त्या दिवशी मी सिगारेट सोडली. ओढत होते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुमच्या पाकिटातून नाहीशा होणाऱ्या मीच घ्यायचे. तुम्ही मात्र आईच फेकते म्हणून तिच्यावर चिडायचात आणि ती ऐकून घ्यायची.

ऑफिसातले ओढणारे जिन्यात उभे असतात. मी हात खिशात घालून त्यांच्याजवळ थांबते. "फुकटचा धूर खा पोटभर," आमच्याकडे नकाशे काढणारे काका चिडवतात.

माझ्या स्वेटरला पहिल्यांदा तो वास लागला तेव्हा मी घाबरून तो धुवायला निघाले. आईने हातातून घेतला, तुमच्या खुर्चीवर पांघरला. जन्मभर तुमच्या धुराला नाक मुरडणारी आई त्या खुर्चीला खेटून जेवली. मग मी रोज तोच घालून जाऊ लागले.

परवा ती म्हणाली, "वास येतो गं, पण ह्यांचा नाही."

आज तुम्ही ओढायचात त्याच सिगारेटचं पाकीट आणलं. सिगारेट नुसती स्वेटरजवळ धरणार होते, पण पेटवायला एक झुरका घ्यावाच लागला.

आईने स्वेटर नाकाशी धरून डोळे मिटले. "आले," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "एकच ओढलीस ना?"

मी मान डोलावली. पाकिटात नऊ उरल्यात, बाबा, आणि स्वेटरचा वास दोन दिवसांत उडतो.

तुमची,
धाकटी