ओळीआधीची फुली

३ तारीख
लागलं एकदाचं बिऱ्हाड! वरच्या मजल्यावरची खोली, दोन खिडक्या, भिंतभर फळ्या. छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी आणि राहायला अशी जागा. आणखी काय हवं? सामान लावायला ताई आली होती. पुस्तकांची खोकी उचलून तिची कंबर धरली. म्हणाली, लग्न केलं असतंस तर ही हमाली तुझ्या नवऱ्याने केली असती.

ती गेल्यावर लॅपटॉपवर वाचनयादी उघडली. साधी टेक्स्ट फाइल. कामांची नोंद ठेवायचं एक छोटं सॉफ्टवेअर ती चालवतं. एका ओळीत एक पुस्तक. आधी वाचायचं असेल त्याला कंसात 'अ'. वाचून झालं की ओळीच्या सुरुवातीला फुली. ती फुली मारण्यातलं सुख ताईला कळायचं नाही.

८
यादीत सगळ्यात वर एक ओळ : '(अ) वरच्या खोलीतली : शाळेची वर्षं'. असलं पुस्तक माझ्याकडे नाही. ताईचाच चावटपणा! फोन केला, तर तिने कानांवर हात ठेवले. ओळ पुसून टाकली.

११
ओळ परत आलीय. तिच्याआधी फुली.
छापखान्याच्या मालकांनी आज सहज विचारलं, शाळा कुठली तुमची? तोंड उघडलं आणि काहीच आठवेना. वर्ग नाही, बाई नाहीत, एकही मैत्रीण नाही. हसून वेळ मारून नेली.

१२
नवी ओळ : '(अ) वरच्या खोलीतली : आई'.
फाइल उडवली. सॉफ्टवेअर काढून टाकलं. लॅपटॉप बंद करून कपाटात कोंबला. आईचा चेहरा घोकत बसले. हनुवटीवरचा तीळ, हसताना पदराने झाकलेले दात.
खाली जाऊन घरमालकीणबाईंना विचारलं, आधी कोण राहायचं वर? आढेवेढे घेत म्हणाल्या, एक मास्तर होते, भारी वाचनवेडे. मुलगा न्यायला आला, तर त्यालाच 'अहो, आपण कोण?' म्हणाले.

१४
कपाटातून उजेड. लॅपटॉप चालू. आईच्या ओळीआधी फुली.
भिंतीवर एका बाईंचा फोटो आहे. छान हसतायत. वर १२ तारखेला लिहिलंय, तीळ— पदर— अक्षर माझंच आहे, पण—

१५
यादीत आणखी दोन ओळी, 'घरची वाट' आणि 'ताई', दोन्हींआधी फुली. इथून निघायचं. जिना उतरले, दारापर्यंत गेले. कुठे जायचं तेच—
फोनवर कुणी बाई रडत होत्या. अगं मी ताई, ताई, म्हणत होत्या. निघालेच म्हणाल्या. येऊ नका म्हटलं. नका येऊ.

१६
आल्या. मला मिठी मारली. मी अंग चोरलं.
आता टेबलाशी बसल्यायत. लॅपटॉप उघडलाय— नको म्हटलं, ऐकत नाहीत— म्हणतायत, हे काय गं लिहून ठेवलंयस? मोठ्याने वाचलं—
'(अ) आत्ता आलेली : धाकटी बहीण'.
हसल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. अनोळखी माणसाकडे बघावं तशा—
ओढून बाहेर न्यायला हवं त्यांना. हाक मारायला हवी, आत्ताच— काय म्हणून हाक मारू, काय म्ह—