तांदळातलं नाव

३ फेब्रुवारी, मंगळवार

होणाऱ्या सुनेचं इंग्रजी तपासलं. भयंकर! मुलगी बीएस्सी, लग्नानंतर सोलापुरात मुलाखती द्यायच्या, आणि म्हणते, 'माय फादर इज फार्मर.' मधला 'अ' कुठे गेला? "आमच्या गावी, जेऊरलाच राहिला की, आई." वर हसली! मी हसले नाही. उद्यापासून फोनवर रोज अर्धा तास शिकवणी. मी बी.ए. इंग्रजी घेऊन केलं, त्याचं काय लोणचं घालायचं?

५ फेब्रुवारी

या आठवड्याचं क्रियापद – बिकम. म्हणजे होणे, बनणे. ऋतुजाची वाक्यं : हुरडा बिकम्स ज्वारी. ज्वारी बिकम्स भाकरी. भाकरी बिकम्स कडक. "खाण्यातून बाहेर ये," म्हटलं. तर "सुबोध बिकम्स फॅट"! फोन स्पीकरवर होता. हे पोट धरून हसले. नवरदेव सुबोधने पोट आत घेतलं.

९ फेब्रुवारी

लग्नाचं गुरुजींशी बोलले. गृहप्रवेश झाला की ताटात तांदूळ पसरायचे, त्यात सुबोधने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. नाव मी ठरवलंय – रुद्राणी. भारदस्त! पेढ्यांच्या खोक्यांवर तेच छापायला दिलं. सुबोध पुटपुटला, "तिला विचारलंस का?"

मला कोणी विचारलं होतं? काही बिघडलं का?

१० फेब्रुवारी

ऋतुजाला नाव सांगितलं. "छान हाय," म्हणाली.

"वाक्यं?"

"ऋतुजा बिकम्स रुद्राणी."

शाब्बास.

"रुद्राणी बिकम्स सून."

चालेल.

"मग ऋतुजाचं काय बिकम होतं, आई?"

वाक्यरचना चुकली, म्हटलं. फोन ठेवला. अर्धा तास व्हायचा होता तरी!

११ फेब्रुवारी

फोन केला नाही. बस्त्याची गडबड. (बस्ता कालच झाला.)

१२ फेब्रुवारी

आमटी खारट झाली. हे म्हणाले, "गोदावरी, आमटी बिकम्स समुद्र!" लग्नापासून नुसतं गोदावरी, गोदावरी. विचारलं, माझं माहेरचं नाव सांगा बघू. यांनी भुरका मारला. छताकडे पाहिलं. "क वरून होतं का गं?"

क वरून!

ताक वाढलं नाही.

१३ फेब्रुवारी

शिकवणी पुन्हा सुरू. नावाचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

लग्न झालं. पाय सुजलेत. ताट पुढे आलं तेव्हा सुबोधने अंगठी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. शाळेत पाढा विसरल्यावर बघायचा तसं. म्हटलं, "ऋतुजा लिही. आणि ऋ नीट काढ!" नणंदबाई जोरात म्हणाल्या, "मग खोक्यांवर रुद्राणी कोण?" पेढ्याचा ब्रँड आहे, म्हटलं. खाल्ले सगळ्यांनी.

२३ फेब्रुवारी

सकाळी ताट आवरायला घेतलं. ऋतुजाच्या खाली थोडी जागा उरली होती. बोटाने लिहिलं – चेतना. मागे सूनबाई उभी! "ही कोण, आई?" सांगितलं. मग दोघींनी त्याच तांदळाचा भात लावला. छान मोकळा झाला.