ब्राह्मीचा गुण

कुडाळ, ४ जुलै

चि. चंदूस, नलूताईचे अनेक आशीर्वाद.

मला फोनवर काही ऐकू येत नाही म्हणून तुझ्या हर्षदने मुद्दाम पत्र लिहिलं. तुमची मुलुंडची राहती बिल्डिंग पाडायला घेतल्यापासून तू दाढी करत नाहीस, जेवताना बोलत नाहीस, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतोस म्हणे. डॉक्टरकडे चला म्हटलं की खेकसतोस. तुझी प्रेमा गेली तेव्हाही तू असा खचला नव्हतास रे.

विहिरीकडची ब्राह्मी ओल्या फडक्यात बांधून रातराणी एसटीने पाठवते आहे. जान्हवीला म्हणावं, पानं वाटून रस दुधातून दे. सकाळी अनशापोटी. नाक मुरडलंस तर लहानपणी एरंडेल पाजताना धरायचे तसं नाक धरायला येईन.

तुझी,
नलूताई


कांजूरमार्ग, २० ऑगस्ट

ती. नलूताईस सा. न. वि. वि.

तुझा पाला पोचतो आहे. चव म्हणशील तर गवत चावल्यासारखी. सूनबाई पेला देते आणि रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही. तोवर तिच्या ऑफिसातल्या भानगडी सांगते, मला हसू येतं, पेला संपतो. संध्याकाळी हर्षद ओढून फिरायला नेतो. इकडे वारा फिरला की कचऱ्याचा वास येतो, तरी जातो.

परवा आम्ही मुलुंडला जाऊन आलो. बिल्डिंगच्या जागी खड्डा आहे. तळमजल्याचा काशीराम तिथेच भेटला. तो आता डोंबिवलीला राहतो. दोघांनी चहा घेतला. घरी येऊन दाढी केली. ताई, तुझ्या औषधाला गुण आहे, मानलं.

असाच धाक असू दे,
चंदू


कांजूरमार्ग, ९ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

बातमी चांगली आहे. मला बंगळूरला मोठी पोस्ट मिळाली, जान्हवीचीही बदली होते आहे. जुलैत ही ऑफर आली असती तर बाबांकडे बघून नाहीच म्हटलं असतं. पण आता ते झकास आहेत. स्वतःहून बाहेर पडतात, पेपर वाचून वाद घालतात. तुमच्या ब्राह्मीने कमाल केली.

त्यांना मुंबई सुटणार नाही, म्हणून इथेच ठेवतोय. डबा लावलाय. रोज फोन करूच. तुम्ही पाला तेवढा थांबवू नका.

आपला,
हर्षद


कांजूरमार्ग, १७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मुंबई सुटणार नाही असं मी कधी म्हणालो होतो, आठवत नाही. मला कोणी विचारलं नाही. सामान बांधताना दोघं इतकी खूश होती की मीच खोक्यांना चिकटपट्टी लावून दिली.

रस काढतो, पितो. पूर्वीइतकाच, त्याच वेळी. काही होत नाही. डबा दाराला लटकलेला असतो, तो कधी आत घेतो, कधी नाही. हर्षदचा फोन येतो. झोप लागत नाही म्हटलं की ब्राह्मी घेताय ना, विचारतो. जेवावंसं वाटत नाही म्हटलं तरी तेच. मी हो म्हणतो, त्याला बरं वाटतं. बरा झालो नसतो तर पोरं इथेच राहिली असती, असं मनात येतं आणि त्या विचाराची किळस येते.

गेल्या आठवड्यात आपणहून डॉक्टरकडे गेलो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि घरी कोण असतं ते विचारलं. मी बंगळूरचा पत्ता सांगितला.

ताई, शिमग्यापर्यंत येऊन राहतेस का? पाला नको. तू ये.

वाट पाहणारा,
चंदू


कुडाळ, २९ जानेवारी

चि. चंदूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून त्याच दिवशी पिशवी भरली होती. सुयोग म्हणाला, आई, तू गेलीस तर दोन्ही पोरांना कोण बघणार, आम्ही दोघं कामावर. शिवाय मामाला मुलगा आहे की, तो बघेल. मी म्हटलं, मुलगा तुझ्यासारखाच आहे. त्यावर तो जेवणावरून उठला. चार दिवस झाले, घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. मला कमी ऐकू येतं, तरी ते कळतं. पिशवी रिकामी केली.

डॉक्टरच्या गोळ्या चुकवू नकोस. ब्राह्मी जास्त तोडून पाठवली आहे, माझ्या हातात दुसरं काय आहे? रोज घेत जा असं वर लिहिलं होतं, मग खोडलं.

रागावून का होईना, मला लिहीत राहा.

नलूताई