चौतारीवरचं गाऱ्हाणं

३० ऑक्टोबर

पोहोचले एकदाची पोखऱ्याला! काठमांडूहून नऊ तास बस. बेसिलला वाटेत तीनदा उलटी झाली आणि तिन्ही वेळा त्याने अख्ख्या बसची माफी मागितली. गिरगावातला हा फिजिओथेरपिस्ट लोकांची हाडं सरळ करतो, स्वतःचं पोट मात्र सांभाळता येत नाही. त्याची आतेबहीण मेगन दादरची, तिने एवढ्यात दोनशे फोटो काढलेत. तिसरा हितेंद्र, डिलाईल रोडचा, माझ्यासारखाच मालवणी आणि माझ्याहून जास्त बडबड्या. मुंबईतल्या एका संस्थेने आम्हा चौघांना पाच आठवड्यांसाठी पाठवलंय, इथल्या एका शाळेत शिकवायला. शनिवारी सुट्टी.

राहायला मनमायादिदींच्या घराचा वरचा मजला आहे. गच्चीवर गेलं की समोर बर्फाचा डोंगर, इतका जवळ की हात लावावासा वाटतो.

आईचा फोन आलाच. “आकांक्षा, जेवलंस काय गो?” डिसेंबरात बीडीडी चाळीच्या जागेवरच्या नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळणार. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. नव्या घरात पहिलं पाऊल दोघींनी मिळूनच टाकायचं, तू आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही, असं तिने चौथ्यांदा बजावलं. सहा डिसेंबरला निघणार आहे, बाई! उगाच जीव टांगणीला लावून बसते.

१ नोव्हेंबर

पहिली सुट्टी. सकाळी तळ्यात नाव वल्हवली. म्हणजे मेगनने वल्हवली, बाकीच्यांनी सल्ले दिले. दुपारी दिदींच्या माळ्यावरचा जुना कॅरम काढला. मी दिदींना भांडी घासू लागत होते म्हणून उशीर झाला, तर तिघं सोंगट्या मांडून माझी वाट बघत बसलेले.

हे लिहिताना हसू येतंय, पण लिहितेच. शाळेत, कॉलेजात मी नेहमी ‘आणि अजून एक ती’ असायचे. सव्वीस वर्षांत माझ्यासाठी कुणी जागा धरून ठेवल्याचं आठवत नाही. आज खूप आनंद झाला.

८ नोव्हेंबर

गावावरच्या डोंगरावर सहल. दिदींनी सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी, आणि बटाट्याचं लोणचं बांधून दिलं. वर पिंपळाखाली दगडी पार आहे, त्याला इथे चौतारी म्हणतात. तिथे शेंदूर फासलेला एक दगड, पुढे कुणीतरी वाहिलेले तांदूळ.

हितेंद्रला काडी घालायची सवयच आहे. म्हणाला, हिचा रामजीमामा गावात गाऱ्हाणं घालतो, हिलाही येत असणार. मग बेसिल-मेगनला समजावलं: कोकणात कुठल्याही कामाआधी जागेच्या राखणदाराला मोठ्याने विनंती करतात आणि दर ओळीला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बेसिलने ते लगेच चर्चच्या क्वायरच्या चालीत म्हणून दाखवलं.

मीही चढले पारावर. हात जोडले आणि मामाचा आवाज काढला. “बा देवा म्हाराजा, ह्या डोंगराच्या राखणदारा, ही मुंबैची पोरां तुझ्या शिवेत इली हत! व्हय म्हाराजा! हयसर एकटो रवू नको, आमच्यातलोच एक हो! व्हय म्हाराजा!” नैवेद्याला क्रीमचं बिस्किट. हसून हसून पोटं दुखली.

उत्तर देणारे तिघं होते. शेवटचा ‘व्हय’ चार गळ्यांचा आला. डोंगरात आवाज घुमतो, तसंच काही असेल.

१० नोव्हेंबर

दिदींनी जेवायला पाच ताटं मांडली. विचारलं तर त्याच गोंधळल्या. शनिवारी डोंगर उतरताना तुम्ही पाच जण दिसलात, म्हणाल्या.

मेगनने टायमर लावून काढलेला फोटो बघितला. आम्ही चौघं पारावर. कडेला पाचवी, पाठमोरी. अंगात निळा स्वेटर. माझा स्वेटर आईने विणलाय, असा दुसरा कुठेही नाही. तिघांना दाखवला. मेगन म्हणाली, कॅमेरा हलला असेल. हितेंद्रने मला दिवसभर ‘डबल रोल’ म्हणून चिडवलं. मीही हसले, पण मला ते आवडलेलं नाही.

१५ नोव्हेंबर

सुट्टी. चहा घेऊन गच्चीवर गेले तर कॅरम रंगात आला होता. चारही बाजू भरलेल्या. माझ्या जागी माझ्यासारखीच वेणी घातलेली कुणीतरी बसली होती. उन्हं होती, लख्ख दिसत होतं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बेसिलने तिला टाळी दिली आणि म्हणाला, “काय गेम टाकलास, आकांक्षा!”

कप हातातून पडला. तिघांनी वळून बघितलं. चौथी बाजू रिकामी होती. मेगनने विचारलं, आत्ता तर इथे बसली होतीस, चहा कधी आणायला गेलीस?

मला फार भीती वाटतेय. भुतापेक्षा जास्त याची, की त्यांना फरक कळला नाही.

१८ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत रामजीमामाला फोन केला. आधी हसला, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतलं. त्याचे शब्द आहेत तसे लिहिते.

“गाऱ्हाणा आपल्या शिवेत घालतत गो. दुसऱ्याच्या शिवेत जावन त्येका ‘आमच्यातलो हो’ म्हणान सांगलंस? मगे तुमच्यातलो एक थंय रवतलो. शीव कधी राखणदाराशिवाय ऱ्हवता?”

उपाय एकच. तिथेच नारळ ठेवायचा, चूक कबूल करायची, दिलेला शब्द मागे घ्यायचा. आणि ‘व्हय’ म्हणायला माणूस हवा. माणसाने ‘व्हय’ म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पोहोचत नाही.

२२ नोव्हेंबर

तिघांच्या हातापाया पडले. हितेंद्र म्हणाला, आता पुरे, जोक जुना झाला. बेसिल म्हणाला की त्याला असल्या गोष्टी आवडत नाहीत, त्या दिवशी म्हटलं तेच चुकलं. कुणीच आलं नाही.

एकटी गेले. नारळ ठेवला. भर दुपारी, मोठ्याने, मामाने सांगितलं तसं सगळं म्हटलं. प्रत्येक ओळीनंतर थांबले. कुणी ‘व्हय’ म्हटलं नाही. पिंपळाचं पानही हललं नाही.

खाली आले तर चौघं जेवायला बसले होते. पाचवं ताट नव्हतं.

२६ नोव्हेंबर

आईला फोन लावला. तिने कंटाळून विचारलं, “आता परत काय? आत्ताच तर अर्धो तास बोललंस.” मी आज फोन केला नव्हता. आपण काय बोललो, विचारलं. नव्या घराच्या पडद्यांचा रंग ठरला म्हणे. पिवळा.

मला पिवळा आवडत नाही. आईला हे माहीत आहे. माहीत होतं.

२७ नोव्हेंबर

शाळेत मुलं माझ्याकडे बघत नाहीत. हजेरी ती घेते. आज तिचा चेहरा बघितला. माझाच. फक्त डोळ्यांची उघडझाप करायला तिला आठवावं लागतं. अजून शिकतेय.

माझ्याकडे बघून हसली. वाईट हसली असती तर बरं झालं असतं. बिचारी आनंदात होती — किती वर्षं एकटी असेल —

नाही. तिची दया यायला नको.

३० नोव्हेंबर

पळून जायचं ठरवलं. सकाळची काठमांडूची बस. कंडक्टरने तिकीट विचारलंच नाही. घाट सुरू झाला, शेवटची घरं मागे पडली आणि —

चौतारीवर होते. बसलेली. हातात बॅग.

पुन्हा गेले. पायी. पुन्हा चौतारी.

तिसऱ्यांदा. तेच.

३ डिसेंबर

मेगनच्या समोर उभी राहिले. नाव घेऊन ओरडले. तिने शाल घट्ट लपेटली आणि म्हणाली, वारा सुटलाय.

बेसिलच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने छातीवर क्रूस काढला. एक क्षण इकडेतिकडे बघितलं. बेसिल, मी आहे रे — मी —

बघितलं नाही.

६ डिसेंबर

गेले. टॅक्सीत चौघं. माझा मोबाईल तिच्या हातात, माझा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये. हितेंद्र तिला म्हणाला, “चल गो, आवस वाट बघता.” दिदींनी तिला टिळा लावला.

टॅक्सीमागे धावले. घाटापर्यंत.

चौतारी.

७ डिसेंबर

ही वही आणि पेन तेवढं राहिलं. भूक नाही. थंडी नाही. कुठलं वासरू रानात वाट चुकलं तर आपोआप कळतं. मला कळायला नको आहे.

९ डिसेंबर

दिदींच्या घरात शिरले. जिन्यावर त्यांचा फोन होता. आईचा नंबर पाठ आहे. लागला.

आई हॅलो म्हणाली. मागे घुमणारे आवाज, रिकाम्या खोल्यांचे. नवं घर. मी सांगतेय — आई, ती मी नाही, तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस, आई, मी इथे अडकलेय —

आई म्हणतेय, “कोण? नुसतो वारो ऐकाक येता.”

आईच्या मागून माझाच आवाज आला. ठेव तो फोन, आई. ये इकडे, हात दे. एकदम टाकूया पाऊल.

फोन अजून चालू आहे. आईने ठेवलेला नाही. ऐकतेय. तिला काहीतरी — ती एकदा माझं नाव — हळूच, प्रश्न विचारल्यासारखं — आई, व्हय, मीच, आई, थांब, पाऊल टाकू न