एका सिरपाचा हिशेब तीन ठिकाणी

अण्णा, आज दवाखान्यात काम करता करता मला तुमचा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आला. ओरछा गेटच्या घरात नवा दिवा लावायचा म्हटलं की जवळ जी तार सापडेल तिला तुम्ही जोड द्यायचात. गणपतीतल्या दिव्यांच्या माळेची जोडणी स्वयंपाकघरातल्या पंख्यावरून घेतलीत, आणि गणपती गेल्यावरही ती तशीच राहिली. मग पुढच्या खोलीतला बल्बही तिच्यावरच आला. पंखा दुरुस्त करायला आलेला मिस्त्री शिडीवरून विचारतो, "बाबूजी, जो तार किते सें आओ?" ही तार कुठून आली हे त्याला उमगत नाही, आणि तुम्ही हसत छताकडे बघताय. मी कॉलेजातून सुट्टीला आलेली, सगळ्या तारा नव्याने ओढू या म्हणून तुमच्या मागे लागलेली. "चालतंय ना? मग हात लावायचा नाही," असं मिस्त्रीसमोर मला खडसावलंत. संध्याकाळी मात्र स्वतःचा टेस्टर माझ्या हातात ठेवलात. त्याचा अर्थ मला तेव्हाही कळला नाही, आताही नीटसा कळलेला नाही.

आता सिविल लाइंसमधल्या मुलांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय. माझ्या आधी जे जे आले त्यांनी ते अगदी तुमच्याच पद्धतीने वाढवत नेलंय. बाळाच्या वजनावरून औषध किती द्यायचं, हा हिशेब ओपीडीसाठी वेगळा लिहिलेला, वॉर्डासाठी वेगळा, घरी जाताना हातात देतात त्या औषधांच्या पर्चीसाठी आणखी वेगळा. मध्यंतरी तापाचं सिरप दुप्पट ताकदीचं यायला लागलं, म्हणून मी मात्रा निम्मी केली. ओपीडीत केली, वॉर्डात केली. पर्चीचा हिशेब निराळा आहे हेच मला माहीत नव्हतं.

काल बबीन्याच्या छावणीतून आलेला एक जवान बाळाला खांद्यावर घेऊन, पर्ची हातात धरून काउंटरशी उभा. तोही मराठी, आणि मी मराठी आहे हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असावं. "ताई, वॉर्डात अर्धा चमचा देत होते. घरी पूर्ण द्यायचा का?" अर्धाच, म्हटलं आणि पर्ची त्याच्याकडून काढून घेतली. त्याने विचारलंच नसतं तर? हे कालपासून डोक्यातून जात नाही.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, "पर्ची ठीक कर दो बेटा, बाकी सब चल तो रहा है." मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला. हिशेब एकाच जागी आणते, सगळ्यांनी तिथूनच घ्यायचा, तोवर पर्च्या हाताने लिहा, म्हटलं. सिस्टर वैतागल्या, रांग फाटकापर्यंत गेली, पण बाईंनी ऐकलं.

आता काम झालंय. जुनी उत्तरं, नवी उत्तरं ताडून पाहिली, डॉक्टरीणबाईंनीही पाहिली. सुरू करायचं तेवढं बाकी आहे, आणि ते सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे, जणू हे कुठे धाडता येणार आहे. सिस्टर पुन्हा डोकावून गेल्या, "मैडम, चालू करें?" अण्णा, आधी हिशेब चुकला तर एका जागी चुकायचा. आता माझा चुकला तर दवाखान्यातल्या प्रत्येक बाळाचा एकदम चुकेल. वाद घालताना हे मला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितलं नाही.