सुधारलेलं अक्षर

१४ जानेवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी उराचं अंग ऑपरेशनपासून डावीकडे जरा कमी भरतं, तेवढं चालवून घे.

अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. नोव्हेंबरात ती रोजची गोळी सुरू झाली, तेव्हापासून सकाळी बोटं लाकडासारखी उठतात. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की सांधे धरतील आणि अंगातून वाफा निघतील. दोन्ही पाहुण्या वेळेवर हजर झाल्या. काल ग्रंथालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत एका जाड कोशाची शिवण घालत होते, तर सुई तीनदा हातातून पडली. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ओवून दिली. सव्वीस वर्षं पुस्तकं बांधते आहे रे मी, नव्या माणसांना सुया मी ओवून देते. तेवढ्यात वाफ आली म्हणून खिडकी उघडली आणि कोशाची सुटी पानं खोलीभर उडाली. अर्धा विभाग गुडघ्यांवर बसून पृष्ठांक लावत होता.

आजार परत येऊ नये म्हणून ही गोळी पाच वर्षं घ्यायची आहे. तुझे मेहुणे रोज जेवण झालं की पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहतात, तोंडी परीक्षा घ्यायला आल्यासारखे. डावा हात अजून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोचत नाही. ती फळी स्वच्छ आहे असं मी धरून चालते.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ढमी


२१ जानेवारी

चि. ढमीस,

अनेक आशीर्वाद, नेहमीपेक्षा दोन जास्तच.

तुझं पत्र तीनदा वाचलं, त्यात दोनदा भिंगातून. छापखान्यात बसून तीस वर्षं मुद्रितं तपासतोय. घाईत लिहिणारे, थरथरत्या हाताने लिहिणारे, मुद्दाम दुर्बोध लिहिणारे, सगळे पचवले. तुझ्या या नव्या लिपीपुढे मात्र हात टेकले. ‘कोश’ हा शब्द मी बराच वेळ ‘कोंबडा’ असा वाचत होतो आणि तू त्याला का शिवते आहेस ते कळेना.

एक कबुली देतो. तुझ्या ऑपरेशनविषयी लिहायला बसलो की मी ‘ते’ एवढंच लिहून थांबतो. ज्या अवयवावर संस्कृत कवींनी इतकी शाई खर्च केली, त्याचं साधं नाव सख्ख्या बहिणीच्या पत्रात लिहिताना माझी दौत सुकते. दोष विद्येचा नाही, विद्यार्थ्याचा आहे.

तुझी वहिनी सांगते की सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मऊ रबरी चेंडू दाबत जा. चेंडू तिने सोबत पाठवला आहे. मेहुण्यांना म्हणावं, परीक्षक बसलेला बरा, उभा राहिला की परीक्षार्थी बिथरतो.

जशी आहेस तशी आम्हाला हवी आहेस. लिहीत राहा.

तुझा
दादा


२ मार्च

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार.

ऐक, मोठी बातमी आहे. काल तो कोश मी एका बैठकीत शिवून संपवला! पाठीला गोलाई दिली, कापड चढवलं, कोपरे असे बसले की आमचे ग्रंथपाल, जे कुणाचंच कौतुक करत नाहीत, ते दोनदा बोट फिरवून गेले. बोटं आता माझं ऐकतात. वहिनीच्या चेंडूला सांग, त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

गोळी आता मी दुपारी कामावरच घेते, त्यामुळे घरची तोंडी परीक्षा बंद. तुझे मेहुणे पेला हातात घेऊन घरभर हिंडतात बिचारे, काय करावं ते सुचत नाही त्यांना.

तुझी पाठदुखी कशी आहे? खुर्ची बदल म्हणून किती वर्षं सांगते आहे. लोभ आहेच, तो घासूनपुसून ठेव.

तुझी
ढमी


८ मार्च

ढमे,

आशीर्वाद.

हस्तलिखित पाहून लेखक कुठे दमला आणि कुठून दुसऱ्याने उतरवून दिलं, हे मला कळतं. माझं पोटच त्यावर चालतं. जानेवारीतलं तुझं पत्र आणि परवाचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं. जानेवारीत वेलांट्या लटपटत होत्या. परवाच्या ओळी पट्टी ठेवून आखल्यासारख्या आहेत. तुझी वहिनी हरखली, म्हणाली, चेंडूला गुण आला. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण चेंडू दाबून अंगातल्या वाफाही थांबतात का गं? अख्ख्या पत्रात तू एकदाही खिडकी उघडली नाहीस.

तू गोळी बंद केली आहेस.

चुकलो असेन तर मला वाटेल ते बोल, मी आनंदाने ऐकेन. मेहुण्यांना मी काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही, ते तुझं काम. गोळी घेच, असंही मी म्हणत नाही, मला त्यातलं काय कळतं? पण या आठवड्यात डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बस आणि खरं सांग. औषध सोडायचं तर त्यांना सांगून सोड, लपून नको.

तुझं वाईट अक्षर मी पाच वर्षं वाचेन. पंचवीस वर्षंही वाचेन.

तुझा
दादा


१६ मार्च

दादा,

नमस्कार. तुझा दोन दिवस इतका राग आला होता की पत्र पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले.

बंद केली होती, फेब्रुवारी लागला तेव्हाच. रोज एक गोळी पाकिटातून काढायची आणि कामावरच्या खळीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. अरे, त्यांनी एक अवयव मागितला, तो दिला. हूं की चूं केलं नाही. मग हात मागायला लागले, तेव्हा मात्र नाही म्हटलं. हात गेले तर मी उरते कुठे?

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, पुष्कळ जणी अशाच थांबतात आणि सांगत नाहीत, सांगितलं तर काहीतरी करता येतं. आणखी दोन आठवडे थांबून, एक एप्रिलपासून दुसऱ्या जातीची गोळी द्यायची आहे. दुखणं कमी होईल, पण तशी खात्री नाही. रोज चालायला सांगितलंय. घरी यांना सांगितलं. हे उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

मला भीती वाटते, दादा. बोटं पुन्हा धरली तर मी पुन्हा तो डबा उघडेन, मी मला ओळखते. आणि तू तरी काय, ऑपरेशननंतरच्या आठ महिन्यांत अकरा पत्रं लिहिलीस आणि एकदाही आला नाहीस. कुठे बघावं ते कळत नाही म्हणून येत नाहीस ना? तोंडाकडे बघ. पत्रात लपायला बरं असतं, तुलाही आणि मलाही. ये.

ढमी


२० मार्च

चि. ढमी,

आशीर्वाद समक्षच देतो.

तू लिहिलंस ते अक्षरन् अक्षर खरं आहे, मला एकही दुरुस्ती सुचवता आली नाही. छापखान्यातून रजा घेतली. एक तारखेची वाट बघत इथे बसवणार नाही, म्हणून परवाच निघतो. वहिनी मागाहून येईल. गोळी सुरू होईल त्या दिवशी मी घरात असेन, नंतरचे पंधरा दिवसही. सकाळी तुझ्याबरोबर चालेन, तुझ्यापेक्षा हळू. बोटं दुखली तर मला शिव्या दे, त्या मुहूर्तावर मी संस्कृतात उत्तर देणार नाही. नाही सोसलं तर दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे जाऊ आणि तिसरं काही मागू.

मलाही भीती वाटते. ती घेऊनच येतो आहे.

हे पत्र आणि मी बहुधा एकाच दिवशी पोचू. मी आधी पोचलो, तर हे फोडू नकोस. दार उघड.

तुझा
दादा